सगळ्या कुत्र्यांना एकच प्रश्न: स्वभाव आणि संरक्षण चाचणी न्याय्य कशी घ्यायची

संरक्षण चाचणीनंतर भांडणं होतात ती गुणांवरून, पण त्यांचं मूळ बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या तयारीत असतं. पहिल्या कुत्र्याला ताजातवाना हेल्पर (कुत्र्यासमोर हल्लेखोराची भूमिका करणारा माणूस) आणि सकाळचा गारवा मिळतो. नवव्या कुत्र्यापुढे दमलेला हेल्पर येतो आणि डोक्यावर ऊन तळपत असतं. एकाला सवयीची मऊ स्लीव्ह (हेल्परच्या हातावरचं, कुत्र्याने चावायचं जाड आवरण), दुसऱ्याला कोरी, टणक. अशा वेळी परीक्षक कितीही सरळ माणूस असला तरी कागदावर कुत्र्यापेक्षा परिस्थितीच जास्त उतरते. पुणे, नाशिक, कोल्हापूर किंवा पणजीत क्लबपातळीवर चाचणी घेणाऱ्यांनी सगळ्यात जास्त कष्ट इथे घ्यायला हवेत: प्रत्येक कुत्र्याला तोच प्रश्न, तेवढ्याच जोराने विचारला गेला पाहिजे.

इथे आधार धरला आहे तो आयजीपी या कामाच्या कुत्र्यांच्या परीक्षेचा. जर्मन शेफर्डची एसव्ही ही संस्था १८९९ साली जर्मनीत स्थापन झाली. पैदाशीसाठी कुठला कुत्रा घ्यावा, हे दिसण्यावरून नाही तर कामावरून ठरवायचं, म्हणून तिथे शुट्झहुंड (म्हणजे संरक्षक कुत्रा) परीक्षा रुजली. पुढे तिचं नाव आयपीओ झालं आणि २०१९ पासून एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत तिचं नाव आयजीपी आहे. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण, आणि उत्तीर्ण व्हायला प्रत्येक भागात किमान ७० लागतात. एका भागात ९८ मिळवून दुसऱ्यात ६९ पडले तर कुत्रा नापास. ही अट कुणी ‘समजून घेऊन’ सैल केली, तर चाचणीला काही अर्थ उरत नाही.

नियमपुस्तिकेच्या आवृत्त्या बदलतात. त्यामुळे चाचणी कुठल्या आवृत्तीनुसार होणार ते प्रवेश अर्जावरच छापा. क्लबने स्वतःचे काही बदल केले असतील तर तेही तिथेच लिहा. मैदानावर तोंडी जाहीर केलेला नियम कुणालाच मान्य नसतो.

स्वभावाची पाहणी: इथे परीक्षकाचे हात खिशात

चाचणी सुरू होण्याआधी प्रत्येक कुत्र्याची कातडीखालची ओळख-चिप तपासली जाते आणि त्याच वेळी स्वभाव पाहिला जातो. सगळ्यात जास्त अन्याय याच पाच मिनिटांत होतो, कारण परीक्षकाला वाटतं की आपण कुत्र्याला ‘तपासायला’ हवं. मग तो वाकून डोक्यावर हात ठेवतो, डोळ्यांत डोळे घालून बघतो, अचानक टाळी वाजवतो. कुत्रा गुरगुरला की शेरा पडतो. नियमांचा रोख नेमका उलटा आहे: चिथावणी द्यायची नाही, हात लावणं टाळायचं, पट्टा सैल ठेवायचा, आणि रोजच्या परिस्थितीत कुत्रा कसा वागतो ते बघायचं. चिथावलेला कुत्रा प्रतिक्रिया देणारच. त्यातून स्वभाव कळत नाही.

प्रत्येक कुत्र्याला एकेकट्याने बोलवा, बाकीचे दृष्टीआड. चिप स्कॅनर हँडलरच्या, म्हणजे कुत्रा चालवणाऱ्याच्या, हातात द्या आणि तोच फिरवू द्या. माणसांच्या सैल घोळक्यातून कुत्रा एकदा जाऊ द्या. घोळक्यात तीच माणसं, तेवढ्याच अंतरावर, शेवटपर्यंत. शंका आली तर परीक्षकाने ती लगेच निकालात काढू नये, दिवसभर त्या कुत्र्यावर नजर ठेवावी. स्वभावाची पाहणी सकाळी संपत नाही, शेवटच्या व्यायामापर्यंत चालू असते. दुपारी संरक्षणात ९५ गुण मिळवलेला कुत्रा मैदानाबाहेर विनाकारण एखाद्या मुलावर धावून गेला, तर तो अपात्रच.

भित्रेपणा आणि सावधपणा यांत गल्लत होते. आवाजाने दचकणं हा दोष नाही. दचकल्यावर कुत्रा किती वेळात सावरतो आणि त्या वस्तूकडे परत वळतो का, हे पाहायचं. अमेरिकेतील एटीटीएस ही स्वभावचाचणी १९७७ पासून चालते. तिथे तीन परीक्षक स्वतंत्रपणे बघतात, हँडलरने कुत्र्याशी बोलायचं नसतं, आणि विनाकारण आक्रमकता, न सावरणारी घबराट किंवा ठाम टाळाटाळ यांवरच कुत्रा नापास होतो. स्वीडनची एमएच पद्धत आणखी वेगळी: तिथे पास-नापासच्या भाषेत न बोलता प्रत्येक प्रतिक्रिया १ ते ५ या पट्टीवर नोंदवली जाते. स्वार्टबर्ग आणि फोर्कमन यांनी २००२ साली याच चाचणीच्या १५,३२९ कुत्र्यांच्या नोंदींवरून खेळकरपणा, धीटपणा, पाठलागाची ओढ, मिसळण्याची वृत्ती आणि आक्रमकता असे स्वभावाचे पैलू वेगळे काढले. नोंद आधी, निवाडा नंतर, ही सवय क्लबच्या परीक्षकाला सहज लावून घेता येते. ‘घाबरट’ असं लिहू नका. ‘छत्री उघडताच दोन मीटर मागे, चार सेकंदांत परत, वास घेतला’ असं लिहा.

गोळीचा आवाज हीसुद्धा स्वभावाचीच कसोटी आहे. आज्ञापालनात कुत्रा पट्ट्याशिवाय पायाशी चालत असताना किमान १५ पावलांवरून ६ मिमीच्या पिस्तुलाचे दोन बार होतात, मध्ये पाच सेकंदांचं अंतर ठेवून. पिस्तुलाऐवजी सुतळी बॉम्ब लावण्याचा मोह आवरा. प्रत्येक बॉम्बचा आवाज वेगळा असतो, धूर आणि वास वेगळा असतो; एकाच चाचणीत दोन कुत्र्यांना दोन वेगळ्या कसोट्या लागतात. बार करणारा माणूस एकच, त्याची जागा चुन्याने आखलेली, वाऱ्याची दिशा बदलली तरी तीच. स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवा.

हेल्पर: चाचणीचं मोजमाप

संरक्षण भागात हेल्पर म्हणजे तराजू आहे, आणि तो दिवसभर एकसारखा राहिला तरच वजनाला अर्थ. म्हणून एका पातळीच्या सगळ्या कुत्र्यांसमोर हेल्पर तोच हवा. दोन हेल्पर असतील तर कुत्रे वाटून घेऊ नका, काम वाटा: पहिल्या अर्ध्या भागात एक आणि लांबून येणाऱ्या हल्ल्याला दुसरा, सगळ्या कुत्र्यांसाठी.

सुरुवातीला स्पर्धेत नसलेला एक कुत्रा पूर्ण चाचणीतून न्या. त्याला गुण द्यायचे नाहीत. या फेरीत परीक्षक हेल्परला थांबवून सांगू शकतो: रेटा (पकड घेतलेल्या कुत्र्याला ढकलत नेणं) थोडा कमी, वळण लवकर, काठी इतक्या उंचीवर. पहिला स्पर्धक मैदानात आला की अशा सूचना बंद.

स्लीव्हला चावण्याचा उंचवटा हवा आणि वर नैसर्गिक रंगाचं तागाचं कव्हर. एकाच स्थितीतली कव्हरं पुरेशी आणा आणि फाटलं की लगेच बदला. ओलं, लाळेने चिकट झालेलं कव्हर पुढच्याच्या दातांतून सटकतं आणि दोष कुत्र्याच्या पकडीवर जातो. रेटण्याचं अंतर दोन छोट्या झेंड्यांनी आखा. नाहीतर हेल्पर हलक्या मादीला पाच पावलं ढकलतो आणि चाळीस किलोच्या नराला दोनच. काठी गादी लावलेली, मऊ. आमचं स्पष्ट मत असं की क्लबच्या चाचणीत काठी उगारून धाक दाखवावा, अंगाला लावू नये. हेल्परागणिक हाताचा जोर वेगळा पडतो, आणि तो मोजायचं कुठलंच साधन मैदानावर नसतं.

कुत्रा पहारा देत असताना हेल्परने स्थिर उभं राहायचं. कुत्रा नजरेत राहावा म्हणून किंचित वळणं चालेल, पण छाती पुढे काढणं, स्लीव्ह हलवणं, डोळे वटारणं नाही. इथेच ओळखीच्या कुत्र्याला मदत होते. हेल्परने ज्या कुत्र्याला शिकवलं आहे, त्याला तो नकळत इशारे देतो: खांदा जरा खाली, स्लीव्ह अर्धी वर. म्हणून हेल्पर शक्यतो दुसऱ्या गावाचा आणा.

ब्लाइंडमध्ये आणि पकडीत काय बघायचं

हेल्पर ब्लाइंडमध्ये, म्हणजे मैदानावरच्या लपायच्या आडोशात. कुत्रा आत शिरतो, त्याच्यासमोर जवळ उभा राहतो, सलग भुंकतो, पण शिवत नाही. परीक्षकाने अशा जागी उभं राहावं जिथून कुत्र्याचं तोंड आणि स्लीव्ह यांच्यामधली मोकळी जागा दिसेल. मागून फक्त पाठ दिसते आणि आवाज ऐकू येतो. भुंकणं दमदार आहे की मागे सरत येणारं किरटं? वजन पुढच्या पायांवर आहे की मागच्या? नजर हेल्परवर आहे की हँडलर येतोय का ते बघायला सारखी मागे वळते? स्लीव्हला नाक लावणं, धक्का देणं आणि चावणं या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कपात एकाच मापाने करू नका.

पकड तोंडभर, घट्ट आणि शांत हवी. दातांच्या टोकांनी धरणं, तोंड बदलत राहणं, धाक दाखवताच पकड सैल होणं हे ताण सोसण्याच्या ताकदीबद्दल सांगतं. केस उभे राहिले म्हणून कुत्रा कच्चा असं मात्र नाही. शेपटी, कान आणि पकड एकत्र वाचायची. संरक्षण भागात गुणांशिवाय जोम, आत्मविश्वास आणि ताण सोसण्याची ताकद यांवर ‘ठळक’, ‘आहे’ किंवा ‘अपुरी’ असा शेरा देण्याची पद्धत आहे. पैदाशीच्या दृष्टीने हा शेरा गुणांपेक्षाही महत्त्वाचा, कारण सोड म्हणताच सोडायला शिकवता येतं, धीर शिकवता येत नाही.

‘सोड’ ही आज्ञा न्यायाची सगळ्यात मोजता येणारी जागा, म्हणून तिथे मनाने कपात करू नका. पहिल्या आज्ञेला कुत्र्याने रेंगाळत सोडलं तर ०.५ ते ३ गुण वजा. पहिल्या जादा आज्ञेला लगेच सोडलं तर ३, रेंगाळत सोडलं तर ३.५ ते ६. दुसऱ्या जादा आज्ञेला लगेच सोडलं तर ६, रेंगाळत सोडलं तर ६.५ ते ९. त्यानंतरही पकड सुटली नाही तर अपात्र. हा तक्ता परीक्षकाच्या पाटीवर चिकटवून ठेवा आणि हँडलरांच्या बैठकीत वाचून दाखवा. आज्ञा परीक्षकाने खूण केल्यावर, हेल्पर पूर्ण थांबल्यावरच द्यायची. हेल्पर अजून हलत असताना ‘सोड’ ऐकून कुत्रा गोंधळला तर दोष त्याचा नाही.

माग, ऊन आणि क्रम

मागाच्या भागात अन्याय जमिनीतून होतो. पहिल्या पातळीला सुमारे ३०० पावलांचा, किमान २० मिनिटं जुना माग, ज्यावर दोन वस्तू ठेवलेल्या. तिसऱ्या पातळीला परक्याने घातलेला ६०० पावलांचा, पाच रेषांचा, एक तास जुना माग आणि तीन वस्तू. आकडे सारखे असले तरी ज्वारीच्या धसकटात एक माग आणि मुरमाड उतारावर दुसरा, असं झालं तर ती एकच परीक्षा नव्हे. सगळे माग एकाच शेतात, एकाच प्रकारच्या मातीत घाला आणि कोणाला कुठला मिळणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. फेब्रुवारीत सकाळी सातला दव असतं आणि साडेनऊला ते उडून जातं; ही तफावत टाळायची तर एका सकाळी कमी कुत्रे घ्या.

उन्हाळ्यात संरक्षण भाग सकाळी नऊच्या आत संपवा किंवा चाचणीच पुढे ढकला. तळहाताची मागची बाजू सात सेकंद जमिनीवर टेकवता येत नसेल तर पंजे पोळणार. धापा टाकणारा कुत्रा पकड नीट धरू शकत नाही, कारण त्याला तोंडानेच श्वास घ्यायचा असतो. माजावरच्या मादीला घरी पाठवू नका. आज्ञापालन आणि संरक्षणात तिला सगळ्यात शेवटी घ्या. आजारी किंवा लंगडणारा कुत्रा मात्र बाहेर, मालकाने कितीही विनवण्या केल्या तरी.

परीक्षक, तक्रार आणि नोंद

स्वतःच्या मालकीचा, ताब्यातला किंवा घरच्या माणसाने चालवलेला कुत्रा परीक्षकाने तपासायचा नाही. क्लबने यापुढे जावं आणि परीक्षकाने विकलेल्या पिल्लांनाही हीच अट लावावी, कारण आपल्याकडे पैदास करणारे आणि परीक्षा घेणारे यांची वर्तुळं फार लहान आहेत.

प्रत्येक कुत्र्याचं काम संपलं की परीक्षकाने गुण आणि कारण लगेच, सर्वांना ऐकू जाईल असं सांगावं. संध्याकाळी एकदम जाहीर केलेले गुण तुलना करून दिलेले वाटतात, आणि पुष्कळदा तसे असतातही. गुणांवर हरकत घेता येत नाही; नियम मोडला गेला असेल तर घेता येते. हा फरक अर्जावर लिहा. हेल्परची जागा चुकली, गोळी ठरलेल्या ठिकाणावरून झाली नाही, दुसरा कुत्रा मैदानात घुसला, असं काही घडलं तर तो व्यायाम पुन्हा घ्या.

दोन कोनांतून चित्रीकरण करा, पण चालू चाचणीत परीक्षकाला ते दाखवू नका. ते नंतर हेल्परची एकसारखेपणाची तपासणी करायला वापरा: पहिल्या आणि शेवटच्या कुत्र्याची रेटण्याची पावलं, काठीची उंची आणि थांबण्याची वेळ शेजारी ठेवून मोजा. फरक दिसला तर पुढच्या चाचणीला हेल्परमागे कुत्र्यांची संख्या कमी करा.

अपात्र ठरलेल्या कुत्र्याच्या नोंदीत ‘स्वभाव’ एवढाच शब्द टाकू नका. कुठला व्यायाम, कुठली वागणूक, ती आधी काय घडल्यावर झाली, किती वेळ टिकली आणि त्या वेळी कोण किती अंतरावर होतं, हे पाच तपशील लिहा, परीक्षकाची सही घ्या आणि एक प्रत मालकाला त्याच दिवशी द्या. असा कुत्रा उद्या कुणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाची जबाबदारी मालकावर येऊ शकते, तेव्हा आपल्या कुत्र्यात नेमकं काय दिसलं हे त्याला लेखी माहीत असायलाच हवं.