शाळा उघडायच्या आधी व्हॅनच्या खालचं काम

मे महिना निम्मा सरला की मी मुलांना शाळेत सोडणाऱ्या माझ्या व्हॅनखाली शिरायची तयारी सुरू करतो. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, त्याच सुमारास पाऊस धरतो, आणि मग अंगणात पाठ टेकायला कोरडी जागा राहत नाही. मारुती ओम्नीत ड्रायव्हर पुढच्या चाकांवरच बसलेला असतो, त्यामुळे खालचा बिघाड हाताला आणि कमरेला लवकर कळतो. कळूनही ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणणं मुलं बसवणाऱ्याला परवडत नाही. मी एकदा तसं म्हणालो होतो. मुलांना सोडून परत आल्यावर दारात गाडी मागं घेताना डावं चाक एकदम आडवं झालं. टायरॉड एंडचा, म्हणजे स्टेअरिंगचा दांडा चाकाला जोडणाऱ्या सांध्याचा, नट गळून पडला होता; नट सुटू नये म्हणून घालायची स्प्लिट पिन आधीच्या कामात जुनीच ठोकून सरळ करून घातली गेली होती. अर्ध्या तासापूर्वी त्याच गाडीत सात मुलं होती.

म्हणून तयारी पान्यापासून नाही, वहीपासून करा. आठवडाभर गाडी चालवताना काय जाणवतं ते लिहून ठेवा: स्पीडब्रेकरवर ‘खट’ वाजतं की करकरतं, आवाज पुढून की मागून, वळताना की ब्रेक मारताना, सरळ रस्त्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढते, वळणानंतर स्टेअरिंग आपसूक मध्यावर येतं का. टायरवरून हात फिरवा. रबराला करवतीसारखी धार लागत असेल तर टो, म्हणजे चाकांचा आत-बाहेरचा कल, बिघडलाय, खड्डे-उंचवटे लागत असतील तर शॉकप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) थकलेत किंवा चाकाचं बॅलन्सिंग गेलंय. हे लिहिल्याशिवाय एकही पार्ट विकत घेऊ नका. खालून आवाज आला की शॉकप बदलायचे, ही सवय महागात पडते. कितीदा तरी दोष सांध्यातल्या रबरी बुशात निघतो.

जागा सपाट आणि कडक हवी. फरशी किंवा काँक्रीट उत्तम. काळ्या मातीत जॅक तिरका होतो. न उचललेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक, आणि बॉडीखाली लोखंडी स्टँड. विटांवर गाडी ठेवू नका, वीट न सांगता फुटते. वायर ब्रश, टॉमी (लोखंडी दांडा), ठरलेल्या जोरानं आवळणारा टॉर्क पाना, पांढरा रंग, नव्या स्प्लिट पिना आणि हेडलॅम्पसारखा कपाळावरचा दिवा जवळ असू द्या. आदल्या संध्याकाळी सगळ्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळचे दोन तास वाचतात.

आता बघणं. यात घाई नको, सगळं काम इथंच ठरतं. पुढचं चाक अधांतरी लोंबू द्या. वर-खाली धरून हलवा; खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर खालचा बॉल जॉइंट, म्हणजे चाक वळवणारा गोल सांधा. बॉल जॉइंटची खात्री करायला टायरखाली टॉमी घालून हलकेच उचला आणि नजर जॉइंटवर ठेवा. ओम्नीला पुढं स्ट्रट (शॉकप आणि स्प्रिंग एकत्र) असल्यामुळे गाडीचं वजन या जॉइंटवर नसतं, म्हणून चाक लोंबतं ठेवूनच त्याचा खेळ दिसतो. मग तेच चाक डावी-उजवीकडून धरा. इथला खेळ टायरॉड एंडचा किंवा रॅकचा, म्हणजे स्टेअरिंग फिरलं की सरकणाऱ्या दातेरी दांड्याचा. मुलाला किंवा शेजाऱ्याला स्टेअरिंग थोडं थोडं हलवायला सांगून तुम्ही एंडवर बोट ठेवा, खेळ बोटाला कळतो. रॅकचे रबरी बूट चिरलेत का ते अकॉर्डियनसारखे ताणून बघा, कारण चीर घडीत लपते. आपल्या कोल्हापूरकडे ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरची चाकं शेतातली माती रस्त्यावर आणतात. ती पावसाच्या पाण्यात मिसळून फाटक्या बुटातून आत गेली की रॅकचे दात खातेच. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर आणखी एक विचारा: 2019 किंवा 2021 च्या पुरात ती पंचगंगेच्या पाण्यात उभी होती का? उत्तर मिळो न मिळो, बूट उघडून ग्रीस बघाच. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर आत पाणी शिरलंय.

मागं पाटे, म्हणजे लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग आहे. ब्रशनं घासून प्रत्येक पाट्याला चीर आहे का बघा, सेंटर बोल्ट तुटलाय का, पाट्याचं टोक लटकवणाऱ्या शॅकलची रबरं चेपलीत का, पाटे अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू बोल्टच्या पुढं गंजाची लाल रेघ उठलीय का. लाल रेघ म्हणजे तिथं हालचाल होतेय. मागच्या शॉकपला तेल सुटलंय का तेवढं पाहिलं की मागचं झालं.

आता कुठं खरेदी. शॉकप बदलायचे तर दोन्ही बाजूंचे. टायरॉड एंड एकच गेला असेल तर एक चालतो, पण दुसरा तेवढाच जुना असतो, मी जोडीच घेतो. बुश काढायला-घालायला घणाचे घाव घालू नका. उद्यमनगरात प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्ये आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) नेऊन द्या, दहा मिनिटांत सरळ बसवून देतात. दुकानाची सुट्टी आधीच विचारून ठेवा, नाहीतर गाडी दिवसभर स्टँडवर उभी. स्ट्रटची स्प्रिंग घरी सोडू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस मरतो, तिथं स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर असलेलं गॅरेजच हवं.

टायरॉड एंड काढण्याआधी लॉक नटजवळ रंगाची खूण करा आणि काढताना आटे मोजून वहीत लिहा. नवा तेवढेच आटे फिरवून बसवला की गाडी निदान अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सरळ जाते. नट टॉर्कनं आवळा. खाच पिनेच्या भोकासमोर आली नाही तर नट मागं सोडायचा नाही, पुढंच न्यायचा. पिन नवीच. आर्मच्या बुशाचे बोल्ट मात्र चाकं जमिनीवर टेकून, गाडीचं वजन बसल्यावर शेवटचे आवळायचे. गाडी उचललेली असतानाच आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. घाईच्या दुकानात हेच होतं आणि गिऱ्हाईक बुशाच्या कंपनीला दोष देतं. रबराला इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावू नका, फुगतं. साबणाचं पाणी पुरतं.

अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा कोन जुळवणं, सगळ्यात शेवटी, टायरची हवा बरोबर करून. आधी करून नंतर एंड बदलला तर ते पैसे गेले. तिथून मी रिकामी गाडी केर्लीवरून जोतिबाच्या डोंगराला नेतो. चढ, उतार, उलटी-सुलटी वळणं, सगळं एकाच रस्त्यावर मिळतं. उतारावर मोकळी जागा बघून हलका ब्रेक दाबायचा आणि गाडी रेषेत राहते का ते बघायचं. वर पोचल्यावर पुन्हा एकदा खाली वाकून बॅटरीनं सगळे नट बघून घ्यायचे.

शाळा सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी यू बोल्ट पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे भाग बसताना थोडे दबतात. ते मी रविवारी सकाळी करतो आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या स्प्लिट पिना बोटानं चाचपतो. मग वहीत तारीख आणि किलोमीटर.