बाळ अंगावर पिताना चावतं तेव्हा काय करावं

माझ्या लेकीला आठव्या महिन्यात खालचे दोन दात आले आणि एका दुपारी पिता पिता ती कडकडून चावली. मी किंचाळले, ती दचकून रडली आणि संध्याकाळपर्यंत तोंडच लावेना. "दात आले, आता तोड अंगावरचं," असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं. मी तोडलं नाही. तुम्हीही घाई करू नका.

नीट चोखत असताना बाळाला चावता येत नाही. तेव्हा जीभ खालच्या दातांवर आलेली असते. चावायचं तर ती मागे घ्यावी लागते आणि चोखणं थांबतं. म्हणून चावा बहुधा शेवटी बसतो, पोट भरल्यावर किंवा पेंगताना. कधी सुरुवातीलाही, पान्हा फुटायला वेळ लागला की.

चावलं त्या क्षणी बाळाला ओढू नका. ओढलं की ते आणखी आवळतं आणि जखम होते. स्वच्छ करंगळी ओठांच्या कोपऱ्यातून दातांच्या मध्ये सरकवा, पकड सुटेल. मग शांतपणे "चावायचं नाही" एवढंच म्हणा, पदर सावरा, एक-दोन मिनिटं थांबा. दर वेळी हेच शब्द, हाच क्रम. ओरडल्यावर काही बाळं घाबरून पिणंच सोडतात. हसलात तर त्याला तो खेळ वाटेल.

खरा उपाय त्याच्या आधीचा आहे. पोट भरत आलं की घुटके मंदावतात, नजर भिरभिरते, जबडा ताठरतो. तेवढ्यात करंगळी घालून काढून घ्या. मला हे जमलं ते पाजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला लागल्यावर. चारेक दिवस तिच्या तोंडाकडे बघत बसले आणि तिची ती वेळ मला कळायला लागली.

दात येताना हिरड्या शिवशिवतात. पाजायच्या आधी फ्रिजमध्ये गार केलेलं ओलं, स्वच्छ फडकं चघळायला द्या. वर्षाच्या आत मध चाटवू नका, बोटुलिझम या गंभीर विषबाधेची भीती असते. टाकणखार तर हिरड्यांना कधीच लावू नका, तो विषारी आहे. बधिर करणारी जेलही मनाने आणू नका. सर्दीने नाक बंद असेल तर आधी सलाइनचे थेंब घाला. श्वास घेता येत नसला की बाळाची पकड बिघडते.

जखम झालीच तर पाजायला दुसऱ्या बाजूने सुरुवात करा. पाजून झाल्यावर स्वतःचंच दूध दोन थेंब लावून वाळू द्या. फारच दुखत असेल तर त्या बाजूचं दूध हाताने काढा, साठू देऊ नका. स्तन लाल, गरम झाला, गाठ लागली किंवा थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तेव्हाही बहुतेक वेळा पाजणं सुरूच ठेवता येतं. औषध लिहून घेताना "मी अंगावर पाजते" हे आवर्जून सांगा.