ग्रिप बदलताना सेफ्टीची स्प्रिंग सांभाळा

अमेरिकेत एआर-१५ रायफलीची ग्रिप (हाताने धरायची मूठ) अनेक जण घरीच बदलतात. परंतु ग्रिपचा एकमेव स्क्रू निघताच सेफ्टीची (चुकून गोळी सुटू न देणाऱ्या कळीची) बारीक स्प्रिंग व तिच्यावर टेकलेली टोकदार पिन निसटते आणि काम अडून बसते.

१. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढून चेंबर (गोळी बसण्याची जागा) रिकामे असल्याची डोळ्यांनी व बोटाने खात्री करावी. ही पायरी कधीही गाळू नये.

२. रायफलीचा खालचा भाग वेगळा करून ग्रिप वर येईल असा उलटा धरावा, म्हणजे पिन आपल्या भोकातच राहते. मग आतला स्क्रू काढून ग्रिप सरळ उचलावी. स्प्रिंग बहुधा ग्रिपच्या भोकात अडकून येते.

३. पिनचे टोक सेफ्टीकडे आहे हे पाहून, स्प्रिंग नव्या ग्रिपच्या भोकात ठेवून ग्रिप सरळ खाली बसवावी. तिरकी बसवल्यास स्प्रिंग वाकते आणि सेफ्टी नीट अडकत नाही. आटे ॲल्युमिनियमचे असल्याने स्क्रू बेताने आवळावा आणि शेवटी सेफ्टी दोन्ही बाजूंना फिरवून पाहावी.

स्प्रिंग, पिन, वॉशर आणि पाव इंच व्यासाचा, इंचाला २८ आट्यांचा स्क्रू असा एक जादा संच छोट्या डबीत नाव लिहून ठेवावा. ऐनवेळी मागवल्यास टपालखर्चच मालापेक्षा जड होतो.