पाइप बँडच्या किल्टसाठी टार्टनची निवड
स्कॉटलंडमधील पाइप बँडने (बॅगपाइप व ढोल वाजवणाऱ्या पथकाने) टार्टन, म्हणजे किल्ट या चुणीदार, घागरावजा पोशाखाच्या कापडावरील रंगीत चौकड्यांची नक्षी, ठरवण्यापूर्वी २००९ साली सुरू झालेली ‘स्कॉटिश रजिस्टर ऑफ टार्टन्स’ ही अधिकृत नोंदवही अवश्य पाहावी, कारण काही टार्टन वापरण्यास परवानगी लागते आणि बाल्मोरल हे टार्टन तर राजघराण्यासाठीच राखीव आहे. ब्लॅक वॉच हे टार्टन कोणालाही वापरता येते. मात्र त्यातील गडद हिरवा, निळा व काळा हे रंग दुरून एकमेकांत मिसळतात, म्हणून कापडाचा नमुना उन्हात, प्रेक्षक उभे राहतील तितक्या अंतरावरून पाहावा.

एका किल्टला एकेरी पन्ह्याचे सुमारे आठ यार्ड लोकरी कापड लागते. चालताना चुण्या डौलाने झुलाव्यात यासाठी जड वीणच घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. नव्या वादकांसाठीचे कापडही त्याच मागणीत घ्यावे. पुढच्या रंगणीत छटा बदलू शकते.