कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचं लेबल कसं वाचायचं

पिशवी हातात घेतली की आधी पालथी करा. पुढच्या बाजूची चकचकीत तंगडी, गाजर आणि मटार ही जाहिरात. आत काय आहे ते मागे, बारीक अक्षरांत असतं.

तिथे पहिल्यांदा ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द शोधा. सापडले तर त्यापुढे ‘अ‍ॅडल्ट’, ‘पपी’, ‘किटन’ की ‘ऑल लाइफ स्टेजेस’, तेही बघा. त्याऐवजी ‘कॉम्प्लिमेंटरी’ किंवा ‘सप्लिमेंटल’ असेल, तर ते तोंडी लावणं आहे, पोटभर जेवण नव्हे. मांजरांच्या काही ग्रेव्ही पाकिटांवर आणि ट्रीट्सवर असंच लिहिलेलं असतं, तरी घरोघरी तीच तिन्ही त्रिकाळ घातली जातात.

मग घटकांची यादी. क्रम वजनाचा असतो, जास्त वजनाचा घटक आधी. पण हे वजन माल कढईत पडतानाचं, म्हणजे पाण्यासकट धरलेलं असतं. इथेच बहुतेकांची फसगत होते. किलोभर ओला जवळा वाळवला की पाव किलोच्या आसपास उरतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको. तेच कोंबडीचं. ताज्या चिकनमध्ये सुमारे 70 टक्के पाणी असतं, त्यामुळे ‘फ्रेश चिकन’ यादीत पहिलं दिसलं तरी कोरड्या खाद्याचा दाणा भाजून निघाल्यावर त्याचा वाटा बराच घटतो. ‘चिकन मील’ किंवा ‘फिश मील’ म्हणजे आधीच पाणी आणि चरबी काढून केलेली भुकटी, सुक्या कोळंबीच्या सोड्यांसारखी घट्ट, साधारण 60 ते 65 टक्के प्रथिनांची. ‘मील’ शब्दाला नाक मुरडू नका. मात्र ‘मीट मील’ असं मोघम लिहिण्यापेक्षा प्राण्याचं नाव घेणारं लेबल बरं.

दुसरी चलाखी तुकडे पाडण्याची. समजा यादी अशी आहे: चिकन मील, मका, तांदळाच्या कण्या, मका ग्लूटेन (मक्यातलं वेगळं काढलेलं प्रथिन), तांदळाचा कोंडा, सोयाबीन पेंड, कोंबडीची चरबी. वाचताना चिकन पहिलं. पण मका दोन जागी आहे, तांदूळ दोन जागी. त्यांची बेरीज केली तर चिकन दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर जाऊ शकतं. धान्य असणं वाईट नाही, कुत्र्याला शिजलेला भात आणि मका पचतो. मांसाचे पैसे मोजून धान्य घेतोय का, एवढंच बघायचं. मीठ यादीत जिथे येतं त्याच्या पुढचं सगळं बहुधा चिमूटभर असतं. तिथले ब्लूबेरी आणि हळद पिशवीवर शोभेलाच.

आता टक्केवारी. कोरड्या खाद्यावर क्रूड प्रोटीन 24 आणि ओल्या पाकिटावर 8 बघून ओलं पाकीट निकृष्ट ठरवू नका. दोन्हींतलं पाणी वजा करून तुलना करा. कोरड्यात ओलावा 10 टक्के, म्हणजे 24 भागिले 90, साधारण 27 टक्के. ओल्यात ओलावा 80 टक्के, म्हणजे 8 भागिले 20, बरोबर 40. अमेरिकेतल्या आफको या संस्थेच्या मानकात, असं पाणी वगळून, प्रौढ कुत्र्याला किमान 18, पिल्लाला 22.5, प्रौढ मांजराला 26 आणि मांजराच्या पिल्लाला 30 टक्के प्रथिनं धरतात. पिष्ट किती हे लेबलवर बहुधा नसतं. प्रथिनं, चरबी, तंतू, ओलावा आणि राख (म्हणजे खनिजं) यांची बेरीज 100 मधून वजा करा. राख दिली नसेल तर कोरड्या खाद्यात 8 धरा.

‘क्रूड’ या शब्दाने सावध राहा. प्रयोगशाळा नत्र मोजते, 6.25 ने गुणते आणि येईल ते प्रथिन धरते; ते मांसाचं की पेंडीचं हे आकडा सांगत नाही. 2007 साली उत्तर अमेरिकेत गव्हाच्या ग्लूटेनमध्ये मेलामाइन हे प्लास्टिक बनवायचं रसायन मिसळलं गेलं ते याच फटीतून: नत्र भरपूर, प्रथिन शून्य. कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली.

मांजरवाल्यांनी यादीत ‘टॉरीन’ हे अमिनो आम्ल शोधावंच. मांजराचं शरीर ते पुरेसं बनवू शकत नाही; कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा आणि हृदय बिघडतं. म्हणून कुत्र्याचे दाणे मांजराला रोज चालत नाहीत. नुसत्या तारल्या आणि भातावर वाढवणंही नको. तेलकट मासळी सतत पोटात गेली आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं की अंगातली चरबी सुजते. बांगड्याची डोकी आणि खारवलेली सुकट अधूनमधून ठीक, तीही मीठ धुऊन.

‘झायलिटॉल’ (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) दिसलं तर ती ट्रीट कुत्र्याला नकोच, कांदा-लसणाची पूड असेल तर कुणालाच नको. बीएचए, बीएचटी, इथॉक्सिक्विन ही चरबी खवट होऊ नये म्हणून घातलेली रसायनं. ‘मिक्स्ड टोकोफेरॉल्स’ म्हणजे ई जीवनसत्त्व. टोकोफेरॉलवाली पिशवी लवकर खवट होते, आणि आपल्या जून-सप्टेंबरच्या हवेत तर अजूनच लवकर.

म्हणून पिशवीचा आकार हिशेबाने घ्या. 10 किलो वजनाच्या कुत्र्याला रोज साधारण 175 ग्रॅम दाणे लागतात. 3 किलोची पिशवी 17 दिवस जाते, 10 किलोची जवळपास दोन महिने. पावसाळ्यात उघडलेली पिशवी महिन्याभरात संपली पाहिजे. मका-तांदूळ असलेल्या दाण्यांवर बुरशी आली की अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष तयार होऊ शकतं, ते यकृतावर जातं आणि शिजवूनही जात नाही. बुरकट थर, खवट किंवा कुबट वास, ओलसर गोळे, यातलं काही दिसलं तर दाणे फेकून द्या. उन्हात वाळवून पुन्हा घालायचे नाहीत. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीच तोंड आवळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तक्रार करायची वेळ आली तर बॅच नंबर आणि तारीख तिच्यावरच सापडते.

बाजारात किलोवर मिळणाऱ्या सुट्या दाण्यांना यातलं काहीच नसतं. घ्यायचेच असतील तर दुकानदाराला मूळ पोतं दाखवायला सांगा, मागच्या लेबलचा आणि तारखेचा फोटो काढा, आणि पोतं कधी उघडलं ते विचारा.