अचानक उपसलेल्या पेनड्राइव्हमधील माहितीची तपासणी

फाइल उघडते, एवढ्यावरून ती शाबूत आहे असे मानू नये. चाचणीच्या पेनड्राइव्हवर आधी काही फाइली ठेवून त्यांचे एसएचए-२५६ चेकसम (फाइलीतील माहितीवरून काढलेला, ती जराही बदलली तर बदलणारा आकडा) संगणकावर नोंदवावेत, तो रीतसर काढून पुन्हा जोडावा आणि नव्या मोठ्या फाइलीची नक्कल चालू असतानाच उपसावा. परत जोडल्यावर जुन्या फाइलींचे चेकसम नोंदींशी ताडावेत. नवी फाइल अर्धवट राहणे अपेक्षितच आहे. जुनी बदलली तर मात्र प्रकरण गंभीर, कारण फ्लॅश चिपमध्ये पुसणे संपूर्ण ब्लॉकचेच (माहितीच्या मोठ्या गठ्ठ्याचेच) होत असल्याने कंट्रोलर (पेनड्राइव्हमधील चिपचा कारभार पाहणारे सर्किट) शेजारची माहितीही हलवत असतो आणि त्या हलवाहलवीत वीज गेल्यास तीही बिघडू शकते. फाइल सिस्टीमची (पेनड्राइव्हवरील फाइलींच्या मांडणीची) दुरुस्ती चेकसम ताडण्यापूर्वी करू नये, कारण तिने पुरावाच बदलतो.