अंघोळ म्हटली की रडारड? या चुका टाळा

परवापर्यंत पाण्यातून बाहेर यायला तयार नसलेलं मूल एके दिवशी बाथरूमचं दार दिसताच गळ्याला मिठी मारतं आणि पाय पोटाशी ओढून घेतं. बहुधा हे वय एक ते दोन वर्षांच्या मधलं असतं. याला हट्ट समजणं ही पहिली चूक. या वयात वाईट अनुभव लक्षात राहतो, पण तो सांगायला शब्द नसतात. म्हणून ‘अंघोळीला घाबरतो’ एवढ्यावर थांबू नका, नेमकं कशाला घाबरतो ते शोधा. रडणं कधी सुरू होतं ते दोन-तीन दिवस नीट बघा. नळाचा आवाज आल्यावर? डोक्यावर पाणी येताना? की टब रिकामा होताना?

धरून-बांधून उरकणं

‘रडू दे, होईल सवय’ म्हणत घट्ट धरून अंघोळ घातली की त्या दिवसापुरतं काम होतं, पण दुसऱ्या दिवशी रडणं दाराबाहेरूनच सुरू होतं. लहान मुलाला रोज डोक्यापासून पायापर्यंत अंघोळ हवीच असं नाही. काही दिवस ओल्या मऊ कापडाने तोंड, मान, हात आणि लंगोटाची जागा पुसली तरी भागतं. तेवढ्यात मागे जाऊन पुन्हा सुरुवात करा: कोरड्या टबात कपड्यांसकट खेळणं, मग फक्त पाय भिजवणं, मग घोट्याएवढं पाणी. एका पायरीवर मूल निवांत झालं की पुढची. कुणाला चार दिवस पुरतात, कुणाला तीन आठवडे लागतात. घाई आपल्याला असते, त्याला नसते.

केस धुताना फसवणं

बहुतेक रडारडीचं मूळ इथे सापडतं. समोरून अचानक पाणी येतं, श्वास अडकतो, वर फेस डोळ्यांत जातो. डोळ्यांना न झोंबणारा शाम्पू आणला म्हणजे काम झालं असं वाटतं, पण तोंडावर येणारं पाणी तेच राहतं. केस रोज धुवू नका. धुवायचे त्या दिवशी अगदी शेवटी धुवा. घडी केलेलं कोरडं फडकं मुलाच्याच हातात द्या, डोळ्यांवर दाबून धरायला. किंवा छताला एखादं चित्र चिकटवा म्हणजे मान आपोआप वर जाते. कपाळावर आपला हात आडवा धरून मागून थोडं थोडं पाणी सोडा. ‘एक, दोन, तीन’ म्हणणार असाल तर तीनलाच ओता. दोनला ओतून उरकलंत, तर पुढच्या वेळी तुमच्या मोजण्यावर कोण विश्वास ठेवणार?

पाण्याचा मग आधी त्याच्या हातात द्या. बाहुलीच्या डोक्यावर ओतू दे, मग तुमच्या. कपडे भिजणार, ते गृहीत धरा.

भीतीला हसणं

टब रिकामा होताना पाण्याबरोबर आपणही तळाच्या भोकातून जाऊ असं मुलाला खरंच वाटू शकतं. कुठली वस्तू कुठे मावते याचा अंदाज अजून पक्का नसतो. समजावत बसू नका. आधी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर न्या, बूच मग काढा. आणि ‘ऐकलं नाहीस तर अंघोळ घालीन’ ही धमकी तर कधीच नको.

तळहाताने पाणी बघणं

मोठ्यांच्या तळहाताला कोमट वाटणारं पाणी मुलाच्या पातळ त्वचेला चटका देऊ शकतं. कोपर किंवा मनगटाची आतली बाजू बुडवून बघा. पाणी साधारण ३७-३८ अंश सेल्सिअस हवं. आधी थंड, मग गरम पाणी सोडा. नळाचं पाणी ४९ अंशांच्या वर जाणार नाही अशी सोय ठेवा, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत गंभीर भाजतं. तळाशी रबरी चटई टाका. एकदा पाय घसरला की त्याची आठवण बराच काळ टिकू शकते.

‘आलेच’ म्हणत बाहेर जाणं

घाबरलेलं मूल बाहेर पडायला धडपडतं, म्हणून धोका जास्तच. पाच सेंटीमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. टबात बसवायची खुर्ची ही राखणदार नाही. फोन वाजत असेल तर वाजू दे.

एवढं करूनही पाणी अंगाला लागताच मूल कळवळत असेल, तर आधी अंग तपासा. पुरळ, भेगा, लंगोटाची लाली, कोरडी खाजरी त्वचा यांना पाणी आणि साबण झोंबतात. मूल कान ओढत असेल किंवा भीती हात धुण्यापर्यंत पसरून आठवडे उलटले तरी हटत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.